सरकव, हात बाहेर, टिप

६ जानेवारी, सोमवार

मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावलं. वयाने त्या माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, पण मुख्याध्यापिका असल्यामुळे सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणते, म्हणून मीही म्हणते. "बसा" म्हणाल्या. त्यांनी बसा म्हटलं की समजावं, आपलं काहीतरी उठणार आहे.

प्रत्येक वर्गाला आठवड्याला चित्रकलेचे दोन तास आहेत. पुढच्या वर्षी एकच ठेवायचा विचार चाललाय. पालक विचारतात म्हणे, चित्रकलेचं पुढे काय होतं? मी म्हटलं, भूगोलाचं तरी काय होतं? त्या हसल्या नाहीत. "पालकदिनाला काहीतरी दिसू दे, बाई. मुलांनी स्वतः केलेले व्हिडिओ. बाकीच्या शाळा करतात. मग मला वरती तुमच्या बाजूने बोलता येईल."

अठ्ठावीस वर्षं मुलांच्या हातात खडू, ब्रश, कात्री दिली. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना हे. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे शब्दकोडं सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "व्हिडिओ? मागच्या लग्नात अर्धा तास स्वतःच्या अंगठ्याचं शूटिंग करणारी तूच ना?" माणसाच्या लक्षात काय राहावं यालाही काही धरबंध नाही.

९ जानेवारी, गुरुवार

भाच्याकडे जाऊन आले. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तू आणि माणसं त्याच्याकडेच जातात. त्याने टेबलावर कागदाचा कपटा ठेवला, फोटो काढला, कपटा बोटभर सरकवला, परत फोटो. असे पंचवीस-तीस काढले आणि भराभर लावले, तर कपटा आपला आपण चालत निघाला. मी पाच वेळा बघितलं. खोटं कशाला बोलू, मजा वाटली.

"आत्या, अट एकच," तो म्हणाला. "फोटोत हात यायला नको. हात दिसला की जादू गेली."

हे मला पटलं. चित्रावर बोटांचे ठसे उमटवणाऱ्या पोरांना मी जन्मभर हेच सांगत आले.

१६ जानेवारी, गुरुवार

टॅब आले. चार आहेत. संच फिरता आहे, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातो. आपल्याकडे पालकदिनापर्यंत, मग लगेच परत.

चौथीचा वर्ग निवडला. एकतीस मुलं. माझ्याकडे तेरा वर्ग, मिळून साडेचारशे पोरं, नावं काही केल्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी माझी माझी नावं ठेवते. या वर्गात एक गोंद्या आहे. तो ज्याला हात लावेल ते त्याला चिकटतं. आणि एक कात्री आहे. अबोल, काटकुळी मुलगी. पेन्सिलीची रेघ न मारता सरळ कागद कापते, आणि मोर म्हटलं की मोरच निघतो. अशी मुलगी दहा वर्षांत एकदा मिळते. अवतार मात्र बघवत नाही. एक वेणी कानामागून, दुसरी डोक्याच्या मधूनच निघालेली, दोन्ही दुपारपर्यंत सुटतात. आज म्हटलं, "वेणी कोण घालतं गं तुझी?"

"बाबा."

"आणि आई?"

"आई झोपलेली असते."

लोकांना बरी झोप लागते.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिला तास. वर्गात रणधुमाळी. दोन बाकं जवळ आणून मधल्या फटीवर टॅब आडवा ठेवायचा, खाली जमिनीवर कागद मांडायचे. हे माझं स्वतःचं डोकं, भाच्यालासुद्धा सुचलं नसतं. मुलांना ताल लागावा म्हणून मंत्र दिला: सरकव, हात बाहेर, टिप. सरकव, हात बाहेर, टिप. एकतीस पोरं एका सुरात ओरडत होती. शेजारच्या वर्गातून दोनदा निरोप आला.

गोंद्याचा अंगठा प्रत्येक फोटोत आहे. मी म्हटलं, "अरे, हा सिनेमा तुझ्या अंगठ्याचा आहे का?" घरी हे सांगितलं नाही. ह्यांना आयतं कोलीत मिळालं असतं.

२८ जानेवारी, मंगळवार

प्रत्येकाने विषय निवडायचा होता. रोज घडणारी एक छोटी गोष्ट, बास. राक्षस, विमान, मारामारी बंद. गोंद्या बुटाची नाडी बांधणार आहे. त्याच्या शेजारची म्हणते, पेन्सिल छोटी होत जाते ते दाखवते. चांगलं आहे.

कात्री म्हणाली, "वेणी."

"एवढंच?"

"तीन पेडांची."

तिने काळ्या घोटीव कागदाच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या, केसाइतक्या बारीक नाहीत पण जवळजवळ. एक कागदी मुलगी पाठमोरी बसलेली, केस मोकळे. ते केस आपोआप विंचरले जाणार आणि त्यांची वेणी होणार. मला तर डोळ्यांसमोर दिसायलाच लागली. पालकदिनाचा शेवट हिच्या फिल्मने करायचा हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी झाल्यावर कात्री दाराशी उभी. टॅब घरी नेऊ का विचारत होती.

"कशाला?"

"मला वेणी येत नाही बाई. आईला येते."

"मग आईला सांग शनिवारी शाळेत ये. मी थांबते."

"तिला यायला नाही जमणार."

आताच्या आयांना शाळेत यायला जमत नाही, पालकदिनाला मात्र पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायला जमतं. टॅब बाहेर न्यायचा नाही असा नियम आहे. तरी दिला, कारण मला ती फिल्म हवी होती. हे इथे खरं लिहून ठेवते. तिला मात्र बजावलं, "आई फक्त सांगेल. करायचं तू. कळलं?" तिने मान हलवली, पण जरा उशिरा.

३ फेब्रुवारी, सोमवार

टॅब टॉवेलमध्ये गुंडाळून सुखरूप आला. फिल्म अर्धीच झालीय. पुढच्या शनिवार-रविवारी पुन्हा नेऊ का म्हणाली. मी मोठ्या बाईंना न विचारता हो म्हटलं. एका वेणीला चार दिवस लागतात का? पण मुलगी चिकाटीची आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज चिडले. अजून डोकं शांत नाही, म्हणून जेवायच्या आधीच लिहायला बसले.

सगळ्यांच्या फिल्म्स एकेक करून साफ करायच्या होत्या, म्हणजे ज्या फोटोत हात आलाय तो काढून टाकायचा. गोंद्याचे अकरा अंगठे काढले, बुटाची नाडी सुंदर बांधली गेली. मग कात्रीची उघडली. एकशे अडुसष्ट फोटो. त्यातल्या शहाण्णवांत हात. आणि हात तरी कुणाचा? मोठ्या बाईमाणसाचा. म्हणजे पट्ट्या सगळ्या आईनेच सरकवल्या. बरं, सरकवल्या तर सरकवल्या, हात बाजूला घ्यावा ना. तो तसाच कागदावर पसरलेला. फोटोपुरता उचलायचेही कष्ट घेतले नाहीत. आळशीपणाची हद्द झाली. सुजट हात, बांगडी नाही, आणि मनगटाजवळ पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावलेले. पट्ट्या डकवायला हाताशी असाव्यात म्हणून मीसुद्धा मनगटाला लावून ठेवते, तेवढी अक्कल मात्र होती. खालचा कागदही सपाट जागी नाही, कशावर तरी मऊ ठिकाणी ठेवल्यासारखा, मधे खचलेला.

तिला मधल्या सुट्टीत बोलावलं.

"हा हात कुणाचा?"

"आईचा."

"मग ही फिल्म कुणाची? तुझी की आईची?"

तिने नखाने टेबलावरचा वाळलेला रंग खरवडला.

"मी काय सांगितलं होतं? आई फक्त सांगेल. हो ना? आता हे सगळे फोटो मी काढून टाकते. जे उरेल ते तुझं."

"सगळे काढणार?"

"सगळे."

मी एकेक दाबत गेले, ती माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. पन्नासेक झाल्यावर म्हणाली, "एक ठेवा ना बाई."

मी म्हटलं, एकाला सूट दिली की उद्या तीस जण मागतील. नियम म्हणजे नियम. ती रडली नाही, ते मला बरं वाटलं. शेवटी टॅबमध्ये जागा उरली नाही असं यायला लागलं, म्हणून काढून टाकलेलं जिथे साठतं ती कचरापेटीही रिकामी केली.

आणि गंमत म्हणजे फिल्म सुधारली. अठ्ठावीस सेकंदांची होती ती बारा सेकंदांची झाली. केस मोकळे, मग पट्कन एक पेड, पट्कन दुसरा, वेणी उड्या मारत आपोआप तयार. भाच्याची जादू हीच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पालकदिन पार पडला. सगळं निभावलं. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. नाडीला हशा, पेन्सिलीला टाळ्या, आणि शेवटी वेणी. वेणीला टाळ्या थांबेचनात. पुन्हा लावा, पुन्हा लावा. तीनदा लावली. एक आजोबा म्हणाले, "हात न लावता केलं हो पोरीने." मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला आणि नंतर कानात सांगितलं, दोन तास राहणार.

फक्त जिची फिल्म तीच गैरहजर. आई नाही, बाप नाही, निरोपसुद्धा नाही. एवढं कौतुक करून घ्यायला कोणी नाही म्हणजे कमाल झाली. घरी आल्यावर ह्यांनी जिलेटिनच्या कागदाचा फेटा करून माझ्या डोक्यावर ठेवला. हसून हसून पोट दुखलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फिल्म्स शाळेच्या कॉम्प्युटरवर उतरवून टॅब परत गेले. पुढच्या शाळेची माणसं दारातच उभी होती. शिपाईमामांनी सही घेतली. सुटले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चौथीच्या वर्गशिक्षिका शिक्षकखोलीत आल्या आणि म्हणाल्या, कात्रीची आई शनिवारी सकाळी गेली. त्यांनी तिचं खरं नाव घेतलं, मला कळायला क्षणभर लागला.

दीड वर्ष आजारी होती. डिसेंबरपासून अंथरुणावरच. नर्स घरी येऊन सलाईन लावायची.

मी विचारलं, "सलाईन कुठे लावायची?" काय प्रश्न आहे हा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हातालाच की."

तिच्या वडिलांनी सांगितलं होतं म्हणे, पोरांत बोलू नका, तिला शाळेत तरी तो विषय नको. म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. "तुम्हाला सांगायला हवं होतं," म्हणाल्या. मी तरी कधी विचारलं होतं?

घरी येऊन मागची पानं वाचली. 'आळशीपणाची हद्द' असं लिहिलंय. माझ्याच अक्षरात, खाली रेघ नाही एवढंच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज चौथीला शिकवायला गेले आणि काय शिकवायचं ते आठवेना. पोरं म्हणाली, बाई, सरकव हात बाहेर करू या का? मी म्हटलं, टॅब गेले. गोंद्या म्हणाला, टॅबशिवाय करू. त्यांना चित्र काढायला सांगून खिडकीजवळ बसून राहिले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तिचे वडील आले होते. एकटेच. उंच माणूस, कपडे इस्त्रीचे पण शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. हातात पेनड्राइव्ह. मला नमस्कार करून म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे फार मोठं काम झालं."

मी म्हटलं, कसलं.

"आजारपणात तिने एकही फोटो काढू दिला नाही. कुणी मोबाइल उचलला की तोंड भिंतीकडे करायची. मीही काढला नाही. मला वाटलं, बरी झाल्यावर काढू." मग म्हणाले, "पण पोरीने वेणीचा व्हिडिओ करायला घेतला आणि ही तयार झाली. चेहरा नाही, फक्त हात. चार दिवस दोघी दार लावून बसायच्या. हात उचलायचं बळ नव्हतं, तरी करायच्या. मी बघितलेला नाही अजून. पोरगी म्हणते, सगळं त्यात आहे, आईचे हात दिसतात. शेवटी तिलाही तेच सांगत होती, आई, तुझे हात छान आलेत."

त्यांनी पेनड्राइव्ह माझ्यापुढे धरला.

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "शोधावं लागेल. टॅब परत गेलेत. बघते." त्यांनी आभार मानले. वर म्हणाले, "घाई नाही."

भित्री, भित्री बाई आहे मी.

१ मार्च, शनिवार

काल त्या दुसऱ्या शाळेत जाऊन टॅब मागितला. तिथले चित्रकलेचे सर म्हणाले, मुलांचं काम चालू आहे, नाही देता येणार. मी कधी कुणाच्या हातापाया पडले नाही. काल पडायचंच बाकी होतं. शेवटी एका दिवसासाठी दिला.

भाच्याने दुकान अर्धं बंद केलं आणि दिवसभर त्यावर बसला. म्हणाला, "आत्या, काढून टाकलेलं लगेच जात नाही, पण त्या जागेवर नवीन आलं की जातं. या पोरांनी नऊशे फोटो काढलेत." मी म्हटलं, एक तरी. एक पुरे.

दुपारी चार वाजता त्याने हाक मारली. "सापडले. हात आहेत." स्टुलावर बसून बघितलं. अकरा फोटो. एका लहान जाड बोटाचे, नखात गोंद वाळलेला. बुटाच्या नाडीवर ठेवलेला अंगठा.

अकराही गोंद्याचे.

मला रडू आलं, तिथेच, गिऱ्हाइकांसमोर. भाचा बिचारा पाणी घेऊन उभा. म्हणाला, "मीच तुला सांगितलं होतं ना, हात यायला नको." त्याला काय सांगू? तू कागदाबद्दल सांगितलंस. मी माणसाला लावलं.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील, चिडवतील, रागावतील, काहीही चाललं असतं. हे नुसते माझ्या शेजारी येऊन बसले.

४ मार्च, मंगळवार

कात्री शाळेत आली. केस कापलेत. खांद्याच्याही वर, मुलासारखे. वर्गात कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं. गोंद्याने मात्र आपली डबी उघडून तिला चिकट खोडरबर दिलं, आणि तिने ते घेतलं.

तास संपल्यावर तिला थांबवलं. मी पाठ करून ठेवलं होतं. ते सगळं विसरून सरळ म्हटलं, "ते फोटो गेले. मी शोधले, माझ्या भाच्याने शोधले. नाही मिळाले. चूक माझी आहे. तुझी काहीच नाही."

"मला माहितीये," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासमोरच काढले."

रागाने नाही. तारीख विचारल्यावर सांगावी तसं.

मी विचारलं, "मग आईला का सांगितलंस दिसतात म्हणून?"

"ती विचारायची. रोज."

नऊ वर्षांच्या मुलीपुढे मी छप्पन्न वर्षांची उभी होते आणि मला कुणीतरी सांगायला हवं होतं, आता काय करायचं. शेवटी म्हटलं, "शुक्रवारी बाबांना घेऊन ये. मी त्यांना खरं सांगते."

"तुम्ही नका सांगू. मी सांगेन."

"काय सांगशील?"

"सांगेन."

दप्तर घेऊन गेली.

६ मार्च, गुरुवार

मोठ्या बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, मला काय ती शिक्षा करा. त्या म्हणाल्या, "शिक्षा कसली, बाई? तुम्ही नियमानेच वागलात." आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक दाखवलं. चौथी, चित्रकला, मंगळवार आणि गुरुवार.

मी त्यांच्यावर आवाज चढवला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला चहा मागवला. मला चहा नको होता.

७ मार्च, शुक्रवार

ते दोघं आले. चित्रकलेच्या खोलीत खुर्च्या नाहीत, मुलांची बुटकी बाकं आहेत. ते त्याच बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले. मुलगी शेजारी. मी ठरवलं होतं, आधी दाखवायचं नाही, आधी सांगायचं. पण त्यांनी शाळेच्या कॉम्प्युटरकडे बघून विचारलं, "यात आहे का?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझ्या हातांनी फिल्म लावलीच.

बारा सेकंद. पाठमोरी कागदी मुलगी. मोकळे केस. पहिला पेड, उडी, दुसरा पेड, उडी, उडी, वेणी, खाली लाल कागदाचं फूल.

ते पडदा काळा झाला तरी बघत राहिले. मग म्हणाले, "हात?"

मी म्हटलं, "साहेब, मला तुम्हाला..."

"हात दिसू द्यायचे नसतात, बाबा," मुलगी म्हणाली. "नियम आहे. आई हात बाजूला घ्यायची, मग मी फोटो काढायचे."

"पण तू तर म्हणायचीस, दिसतात."

"आईला बरं वाटावं म्हणून म्हणायचे."

तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. घरून नीट पाठ करून आली होती, मी केलं होतं तसंच. फक्त ती विसरली नाही.

त्यांनी मान हलवली. किती वेळ हलवत होते कुणास ठाऊक. मग म्हणाले, "आणि हे मधे मधे उड्या मारतं ते?"

मी बाकाची कड घट्ट धरली. आता खरं बोलायचं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"तिथे आई दमायची," ती म्हणाली.

खोटं होतं ते. उडी जिथे आहे तिथे ती दमली नव्हती. तिथेच तर ती काम करत होती, बळ नसलेल्या हाताने एकेक पट्टी ओढत होती. उरलेत ते तिने हात बाजूला टेकवला तेव्हाचे फोटो. हे मला ठाऊक आहे आणि त्या पोरीला ठाऊक आहे.

ते पडद्याच्या अगदी जवळ सरकले. तिने त्यांच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती.

"दमली तरी पुरी केली की," ते म्हणाले. "बाई, पुन्हा लावता?"

मी लावली. प्रत्येक उडीला ते बोट ठेवून हळूच म्हणत होते, "इथे. आणि इथे. आणि हे बघ, इथे." मुलगी प्रत्येक वेळी हो म्हणत होती. सात वेळा लावायला सांगितली, मी सात वेळा लावली.